माझ्याकडे आहे, पण माझं आहे का?



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या स्वाध्यायात परिग्रहाचा विषय निघतो, आणि दरवर्षी तो साड्यांवर येऊन थांबतो. कपाटात किती साड्या, माळ्यावर किती भांडी, कुणी यंदा किती कमी केल्या. त्यात वाईट काही नाही. पण यंदा मला साड्या बाजूला ठेवून 'माझं' या शब्दाबद्दल लिहायचं आहे. आपण एखादी वस्तू आपली आहे असं सांगतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो?

निमित्त झालं भाचीच्या मुलाचं. भाची डब्लिनला असते. तिकडे शाळेत सगळ्या मुलांना आयरिश भाषा शिकावी लागते, घरी कुणी ती बोलत असो वा नसो. परवा व्हिडिओ कॉलवर हा पठ्ठ्या मला म्हणतो, "मावशीआजी, आयरिशमध्ये 'आय हॅव' म्हणताच येत नाही. टॉ ल्याउर अगम म्हणायचं. म्हणजे पुस्तक माझ्याकडे आहे." त्याच्या वर्गातल्या पोरांना हे फार विचित्र वाटलं म्हणे. यालाच काही वाटलं नाही, कारण घरी तो हेच बोलतो.

मी फोन ठेवला आणि भाजी निवडता निवडता विचार करत बसले. खरंच की, मराठीत 'हॅव'ला क्रियापदच नाही! आपण नुसतं 'आहे' म्हणतो, आणि काय कुणाशी कसं जोडलेलं आहे ते प्रत्ययावर सोपवतो. मला दोन मुली आहेत. माझ्याकडे पैसे आहेत. माझ्याजवळ किल्ली आहे. घर माझं आहे. माझ्यात तेवढा धीर नाही. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द पुरतो. मुलगी असो, ताप असो, किल्ली असो की बंगला, सगळं 'हॅव'. आपल्याकडे मात्र नातं बदललं की प्रत्यय बदलतो. मुलगी 'मला' असते, ती 'माझ्याकडे' नसते. 'माझ्याकडे मुलगी असते' म्हटलं तर ऐकणारा विचारील, का हो, जावई कुठे बाहेरगावी आहेत का?

हल्ली मोबाईलवर आपोआप भाषांतर होऊन आलेल्या मजकुरात 'माझ्याकडे एक भाऊ आहे' असलं वाक्य वाचायला मिळतं. वाचलं की अंगावर काटा येतो. भाऊ काय कपाटात ठेवलाय?

आणि हा 'कडे' तरी कसला गोड शब्द आहे बघा. कड म्हणजे बाजू. कुणाची कड घ्यायची, कुशी बदलून दुसऱ्या कडेवर झोपायचं, मूल कडेवर घ्यायचं. माझ्याकडे आहे म्हणजे माझ्या बाजूला आहे, माझ्यापाशी येऊन थांबलं आहे. कडेवरचं मूल जसं आपल्याला टेकून असतं आणि थोड्या वेळाने उतरून पळतं, तसं. या वाक्यात कर्ता ती वस्तू आहे, मी नाही. पुस्तक 'आहे', मी फक्त त्या 'आहे'चा पत्ता.

आयरिशमध्येही तसंच. त्यांचं 'अगम' म्हणजे माझ्यापाशी. हे पुस्तक माझ्या मालकीचं आहे असं ठासून सांगायचं, तर ते वेगळं वाक्य करतात आणि त्यातला शब्द 'माझ्यासोबत' या अर्थाचा असतो. भूक लागली तर भूक माझ्यावर आहे म्हणतात, दुःख झालं तर दुःख माझ्यावर आहे. आपली भूक 'लागते', त्यांची अंगावर येऊन बसते. दोन्हीकडे माणूस भुकेचा मालक नाही. कायद्यातल्या ताब्यासाठी त्यांच्याकडे 'शेलिव' हा निराळा शब्द आहे. घरगुती बोलण्यात त्याचं काम पडत नाही, जसं आपण स्वयंपाकघरात 'कब्जा' म्हणत नाही.

पण मला सगळ्यांत आवडला तो 'क्विद' हा शब्द. क्विद म्हणजे वाटा, हिस्सा. आयरिश माणूस 'माझे केस' म्हणताना 'माझ्या वाट्याचे केस' म्हणतो. माझे पैसे म्हणजे माझ्या वाट्याचे पैसे, माझे कपडे म्हणजे माझ्या वाट्याचे कपडे. एक घड्याळ किंवा एक टोपी असेल तर असं म्हणत नाहीत. पण जे मोजून संपत नाही, जे ढिगाने किंवा पुष्कळ असतं, तिथे हा वाटा आपसूक येतो. भाषेलाही हाच शब्द लावतात, माझ्या वाट्याची आयरिश. ताटातल्या जेवणालाही तोच. आणि जिवाभावाच्या माणसाला लाडाने हाक मारायची तर अर्थ होतो, 'माझ्या वाट्याचं जग'. म्हणजे केस, पैसे, जेवण हे सगळं कुठेतरी एकत्र आहे, त्यातला एवढा भाग माझ्याकडे आला आहे, असं ती भाषा रोज धरून चालते.

आपल्यालाही हे नवीन नाही. कोकणात तर मुळीच नाही. मी माहेरची सांगली जिल्ह्यातली, लग्न होऊन रत्नागिरीला आले. आमच्याकडे शेत मोजायचं ते एकरात. इथे येऊन पहिल्यांदा 'दोन आणे चार पै' असा जमिनीतला हिस्सा ऐकला आणि मला वाटलं, म्हातारे लोक थट्टा करतात. थट्टा नव्हती. सातबारावर खरंच तसं लिहिलेलं असतं. एका घराला, एका पडवीला, सड्यावरच्या एका तुकड्याला पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. गणपतीत सगळी येतात, मखर एकच, आरती एकच. पाचव्या दिवशी परत गेली की घराला कुलूप. कुठलं कलम कुणी लावलं, यंदा त्याचे आंबे कुणाच्या वाट्याला, विहिरीचं पाणी कुणाच्या पाळीला, सगळं वाट्यात चालतं. शेत अर्धेलीने लावतात, म्हणजे पीक आलं की निम्मं निम्मं. 'माझ्या नशिबात' म्हणायच्या ऐवजी आपण 'माझ्या वाट्याला' म्हणतो, सुखालाही आणि दुःखालाही.

आता इथे एखादी मैत्रीण म्हणेल, किती सुंदर! ज्या भाषेत मालकीचं क्रियापदच नाही, ते लोक मुळातच अपरिग्रही असणार. असा विचार मोठ्या माणसांनीही केला आहे. एरिक फ्रॉम या विचारवंतांचं 1976 सालचं एक पुस्तक 'जवळ असणं' आणि 'नुसतं असणं' यांच्यातल्या फरकावरच आहे, आणि पुष्कळ भाषांत 'हॅव'ला शब्द नाही हेही त्यांनी त्यात सांगितलं आहे.

मला मात्र ते पटत नाही, आणि पटत नाही ते रत्नागिरीत राहते म्हणूनच. ज्या कोकणी माणसाला 'हॅव' म्हणता येत नाही, तो गडग्याच्या हातभर जागेसाठी वीस वर्षं कोर्टात जातो. याच जिल्ह्यात खोती होती. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचं काम खोताचं, आणि त्या जोरावर राबणाऱ्या कुळाच्या पिकातला मोठा वाटा त्याचा. 'वाटा' हा शब्द तिथेही होताच! ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं जमिनी ओस ठेवून संप चालवला. खोती नाहीशी करणारा कायदा झाला तो 1949 चा. आणि आयर्लंड? तिथल्या मेयो परगण्यात 1880 मध्ये जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी सगळा व्यवहार तोडला. त्या कारभाऱ्याचं आडनाव बॉयकॉट. बहिष्काराला इंग्रजीत जो शब्द आहे तो तिथून आला. म्हणजे भाषेत प्रत्यय असोत की क्रियापद, जमिनीची भूक माणसाला सारखीच.

मग या शब्दांचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग एवढाच, की ते आपल्याला नीट बोलायला लावतात. आपल्याकडे असणं, आपलं असणं आणि आपला वाटा असणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि मराठी त्यांची सरमिसळ होऊ देत नाही. सरमिसळ आपण करतो, आणि बहुतेक वेळा सोयीने करतो.

सातबाराच काढून बघा. त्यावर 'मालक' असं लिहिलेलं नसतं. पूर्वी 'कब्जेदार' लिहीत, आता 'भोगवटादार' लिहितात. भोगवटा म्हणजे उपभोग, वापर. भोगवटादार वर्ग 1 म्हणजे जमीन विकायला मोकळा, तेव्हा व्यवहारात मालकच म्हणा. पण शब्द बघा ना! आपण ज्याला छातीठोकपणे 'माझी जमीन' म्हणतो, तिच्या कागदावर फक्त 'हा सध्या हिचा भोग घेतो' एवढंच लिहिलंय. तलाठी कार्यालयात असा शब्द सापडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आपल्या शास्त्राने तर याहून पुढची गोष्ट सांगितली. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूचं नावच घेतलं नाही. मूर्च्छा म्हणजे परिग्रह, असं त्यांचं सांगणं. वस्तू कुणाकडे आहे हा प्रश्न नाही, मन तिच्यात गुंगलंय का हा प्रश्न. आणि म्हणूनच आपल्यासारख्या घरसंसार करणाऱ्यांना सगळं सोडण्याचं महाव्रत नाही सांगितलं, परिमाणाचं अणुव्रत सांगितलं. परिमाण म्हणजे माप. क्षेत्र, वास्तू, सोनं, चांदी, धन, धान्य, अशी यादी आहे. (त्या यादीत दासी-दासही येतात. वाचताना मी दरवेळी तिथे अडखळते. माणसंसुद्धा मोजली जात होती.) या प्रत्येकाचं माप ठरवायचं आणि ते ओलांडायचं नाही. ओलांडलं की अतिचार.

आता मला जे खरं बोलायचंय ते बोलते.

माप ठरवायचं तर आधी आपल्या वाट्याला काय आहे ते माहीत हवं. आपल्यातल्या किती जणींना माहीत असतं?

आमच्या ओळखीतल्या एक बाई. वडील गेले, वर्ष झालं. ऐन पर्वात, उपवास चालू असताना, माहेरून भाऊ कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. बहिणीने वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क 'राजीखुशीने' सोडला, असं त्यात लिहिलेलं. बाईंनी विचारलं, जमीन एकंदर किती आहे रे? तर भाऊ हसून म्हणाला, "ताई, तू एवढे उपवास करतेस, व्रतं करतेस, तुला कशाला हवी जमिनीची उठाठेव? पुण्य लागेल." बाई दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेल्या, अंगठा टेकला, फोटो काढला, साडी-चोळी घेऊन परत आल्या. मला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. फक्त एवढं म्हणाल्या, "किती होती ते शेवटपर्यंत कळलं नाही हो."

याला त्याग म्हणायचं का? मी म्हणणार नाही. जे कधी आपल्या कडेवरच आलं नाही, ते खाली कसं ठेवणार? दशलक्षणातलं आठवं लक्षण त्याग आणि नववं आकिंचन्य, म्हणजे यातलं किंचितही माझं नाही हा भाव. तो भाव मनात उगवायला हवा, दुसऱ्याने कागदावर टंकून आणायचा नसतो. आणि या व्यवहारात परिग्रह कमी झाला कुठे? बहिणीचा वाटा भावाच्या वाट्यात गेला. जमीन तेवढीच राहिली. बहिणीच्या व्रताचा हवाला देऊन भावाने आपलं माप वाढवलं. तिसरं अणुव्रत आठवा, न दिलेलं घेऊ नये. अदत्त ते. जिला किती आहे तेच सांगितलं नाही, तिने ते 'दिलं' असं कोण म्हणेल? सही आहे, शिक्का आहे, पण दत्त आहे का?

कायदा इथे स्पष्ट आहे. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू होतो. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मुलाइतका हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते का, यावर बरीच वर्षं वाद चालला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला तशी अट नाही असा निकाल दिला. तेव्हा 'लग्न झालं, तुझा काय संबंध' हे बोलणं आता कायद्यात बसत नाही. प्रवचनातही बसू नये असं माझं मत.

दुसरी बाजू नाही असं नाही. मी अशी घरंही पाहिली आहेत, जिथे बहिणींनी आनंदाने हक्क सोडला आणि ते योग्यच होतं. आई कुणाकडे असते, हा प्रश्न मराठीत कसा विचारतात बघा. 'आई सध्या धाकट्याकडे असते.' आई कुणाच्या मालकीची नाही, पण ती कुणाच्या तरी कडे असते, आणि ज्याच्याकडे असते तो रात्री उठतो, औषधं देतो, अंथरूण बदलतो. तो कुठला, त्याची बायको. दहा वर्षं सासूचं सगळं केलेल्या वहिनीकडे बघून नणंदेला वाटलं की माझा वाटा हिचाच, तर त्याहून सुंदर दान नाही. मग ते तसं म्हणा ना! एवढे गुंठे माझ्या वाट्याचे होते, ते मी आईच्या सेवेसाठी वहिनीला देते. पण हक्कसोड भावाच्याच नावाने होतं. वहिनीला द्यायचं तर बक्षीसपत्र करावं लागतं, आणि तेवढी तसदी कुणी घेत नाही. सेवा केली कुणी, नाव लागलं कुणाचं!

माहेर तुटेल ही भीती मला समजते. मीही दोन भावांची बहीण आहे. पण वाटा विचारल्याने जे तुटतं, ते न विचारल्याने शाबूत असतं का? बहीण गप्प राहते, भाऊ समजतो सगळं ठीक आहे, आणि दिवाळीला दोघं बोलतात ते फक्त फराळाबद्दल. आकडा माहीत असणं म्हणजे भांडण नव्हे. 'दादा, माझ्या वाट्याचं किती आहे ते मला एकदा सांग' या वाक्यात 'माझ्याच मालकीचं' कुठे आहे? वाटा म्हटलं की भाऊही त्यात आला, वहिनीही आली, लहानपणी एकाच ताटात जेवलेले सगळे आले. 'दे' असं तर तिने म्हटलेलंच नाही.

आमच्या स्वाध्यायात मी यंदा सुचवलं आहे, की परिमाणाच्या वहीत साड्यांच्या आधी एक पान क्षेत्र आणि वास्तूसाठी ठेवायचं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. ज्यात आपलं नाव आहे, ज्यात असायला हवं होतं, आणि ज्यातून काढलं गेलं. दोघी-तिघी हसल्या, एक जरा रागावली. पण दुसऱ्या दिवशी दोघींचे फोन आले, हे काढायचं कुठून म्हणून.

अवघड नाही. महाराष्ट्र सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव टाकून गट नंबरने किंवा नावाने सातबारा बघता येतो. नुसता बघायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये भरावे लागतात. डावीकडे भोगवटादारांची नावं, उजवीकडे कूळ आणि इतर अधिकार. वडील गेले असतील तर वारसनोंद झाली का ते आधी बघा. नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो. तो टिपून घ्या, त्या फेरफारात कुणाचं नाव कधी आणि कोणत्या कागदाने लागलं ते कळतं. आणि एखाद्या नावाला कंस केलेला दिसला, तर त्या व्यक्तीचा हक्क त्या जमिनीतून कमी झाला असं समजायचं. आपल्या नावाला कंस असेल, तर तो ज्या फेरफाराने पडला त्याची नक्कल मागा आणि त्यावरची तारीख बघा. ती बघून ज्यांना मला लिहावंसं वाटेल, त्यांनी जरूर लिहा.